प्रार्थना बहुमताने ठरत नसते

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पोषण आहाराचा तांदूळ, गळकं छप्पर, गॅदरिंगची तारीख हे विषय हात वर करून निकाली निघतात, निघावेतही. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात मी मुख्याध्यापक असताना एका पालकाने परिपाठात रोज आरती सक्तीची करण्याचा विषय मांडला. भराभर हात वर गेले. मागे बसलेला एक गोंड पालक म्हणाला, "गुरुजी, आमचे देव वेगळे आहेत जी." लगेच उत्तर आलं, "अरे, तुम्ही आमचेच न!"

बोलणाऱ्याच्या मनात वैर नव्हतं. पण आपुलकी दाखवत दुसऱ्याचा देव पुसणं हीही जबरदस्तीच. समितीचा सचिव म्हणून मी तो ठराव इतिवृत्तात घेतला नाही. मी पोवार, घरी रोजची देवपूजा. तरी गावात बोलणी खाल्लीच.

याच तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला जाऊन बघा. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड बांधव सप्तरंगी झेंडे घेऊन येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड या आपल्या दैवतांच्या नावाने डोंगर चढतात. २०११ च्या जनगणनेत देशभरात दहा लाखांवर लोकांनी आपला धर्म 'गोंडी' असा नोंदवला. त्या जनगणनेच्या अर्जात मात्र सहाच धर्मांना क्रमांक होते. हे सगळे 'इतर'.

घटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेतही संमतीशिवाय कुणाला उपासनेला बसवता येत नाही. केरळातली तीन मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहिली, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गायली नाहीत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेत हात जोडले नाहीत; २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली.

"दोघाचौघांसाठी सगळ्यांनी का थांबायचं?" असं विचारतात. थांबा कोण म्हणतंय? गणपती बसवा, सप्ताह करा; कुणी नमाज पढेल, कुणी विहारात वंदना घेईल. सक्ती तेवढी नको. गोंदियात आपण हिंदू पुष्कळ आहोत. मिझोराममध्ये नोकरीला गेलेला आपलाच पोरगा मूठभरांतला असतो.

तेव्हा समितीच्या सभासदांनो, छपरासाठी खुशाल मतं घ्या. कुणाच्या देवासाठी नको. आणि जनगणनेला घरी येणाऱ्या गुरुजींनो, समोरचा जो धर्म सांगेल तोच लिहा.