जुन्या मोटारीतला रेडिओ

2023 सालच्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या मोटारीवर कित्येक संसार उभे राहिले. टॅक्सी गेली, पण खाजगी मालकीच्या फियाट, पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडर अजून काही दारांत उभ्या आहेत. वडिलांची आठवण म्हणून मुले त्या दुरुस्त करून घेतात. इंजिन झाले, रंग झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला: आता गाणी कशी वाजवायची? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु न भरून येणारे नुकसान पुष्कळदा याच टप्प्यावर होते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून जुनी पद्मिनी घेतली होती. त्यांच्या पश्चात मुलाने आईला आनंद व्हावा म्हणून गाडीत नवा स्टिरिओ बसवायला दिला. नवा संच जुन्या जागेत मावेना, म्हणून गॅरेजवाल्याने करवत घेऊन डॅशबोर्डच कापला. वरती निळे-लाल दिवे लुकलुकू लागले. आई गाडीत बसल्या आणि एवढेच म्हणाल्या, “ही यांची गाडी वाटत नाही रे.” तो मुलगा गेले वर्षभर भंगारवाल्यांकडे अखंड डॅशबोर्ड शोधत फिरतो आहे. आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. आमच्या जमाखर्चात स्टिरिओ जमेला दिसतो, पण खर्चाच्या बाजूची रक्कम भरून निघत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे गाडीचे साल पाहावे. ‘काळाला शोभेल असा स्टिरिओ हवा’ असे आपण सहज म्हणतो. पण त्या काळी गाडीत स्टिरिओ होता का? अमेरिकेत एफएम स्टिरिओ प्रसारणाचे नियम 1961 साली ठरले. आपल्याकडे एफएम 1977 साली मद्रासला सुरू झाले आणि खाजगी एफएम केंद्रे 2001 पासून आली. त्याआधी मोटारीत लागे ती मध्यम लहर. 1957 साली सुरू झालेली विविध भारती बहुतेकांनी अशीच ऐकली, तीही एका स्पीकरवर. म्हणून 1965 च्या फियाटला शोभतो तो दोन गोल बटणांचा, मध्ये काटा सरकणारा साधा रेडिओ. 1980 नंतरच्या पद्मिनीत मात्र स्टिरिओ कॅसेट प्लेअर अगदी शोभून दिसतो, कारण तो काळच कॅसेटचा होता. मुंबईच्या चोर बाजारात किंवा जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत चिकाटीने शोधल्यास असे संच सापडतात.

दुसरी गोष्ट विजेची, आणि ती जिवाशी निगडित आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. नंतरच्या रेडिओंना बॉडीला ऋण टोक लागते. हे न पाहता रेडिओ जोडला तर तो जळतो. वायर तापली तर गाडीही पेटू शकते. म्हणून आधी बॅटरी सोडवावी, कोणते टोक बॉडीला आहे ते तपासावे आणि रेडिओच्या वायरला योग्य क्षमतेचा स्वतंत्र फ्यूज घालावा. पन्नास वर्षांच्या वायरीचे आवरण कडक होऊन तडकलेले असते. तिला नवी वायर नुसती पिळून चिकटपट्टी लावू नये. पुष्कळशा नव्या संचांत स्पीकरची कोणतीही वायर बॉडीला लावायची नसते, हेही मिस्त्रीला बजावून सांगावे. जुन्या गाडीत डायनामो असेल तर इंजिन मंद चालताना बॅटरी नीट चार्ज होत नाही, त्यामुळे गाडी उभी करून तासन्‌तास गाणी ऐकू नयेत.

जुना रेडिओ लावल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर खरखर वाढत असेल तर तो बहुधा स्पार्कचा उपद्रव असतो. एरियलची अर्थिंग घासून स्वच्छ केली आणि रोधक असलेले प्लग बसवले की ती बरीच कमी होते. तेवढ्यावरून रेडिओ बाद ठरवू नये.

आता कोणी विचारील, मध्यम लहरीची अनेक प्रक्षेपण केंद्रे बंद झाली, मग या रेडिओवर ऐकायचे काय? शंका रास्त आहे. त्यावर आमच्या मते चांगला उपाय असा: मूळ रेडिओ जागच्या जागी राहू द्यावा. एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या खणात ठेवावा आणि मोबाइलमधील गाणी ब्लूटूथने त्यावर घ्यावीत. स्पीकरसाठी दारांचा पत्रा कापू नये. मागच्या फळीवर त्याच मापाची दुसरी फळी बसवून तिच्यात डावा-उजवा असे दोन स्पीकर लावावेत. उद्या सारे काढून घेतले तरी गाडीला एकही नवे भोक दिसू नये, हीच कसोटी.

2021 साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा मोटार विंटेज म्हणून नोंदता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्या नियमाचा भर चासिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा यावर आहे. 1974 च्या सुमारास या मोटारीला पद्मिनी हे नाव मिळाले. म्हणजे पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी पार करीत आहेत. कालपर्यंत जुनाट म्हटली गेलेली गाडी कायद्याच्या लेखी जतन करण्याजोगी ठरते आहे.

आमच्यासारख्या नोकरदार घरांकडे वडिलोपार्जित वाडे-हवेल्या नसतात. बापाने घामाच्या पैशातून घेतलेली एखादी वस्तूच आपला वारसा असतो. तिच्यात गाणी जरूर वाजवा; मात्र मिस्त्रीने करवत हातात घेतली, तर त्याला तिथेच थांबवा.