पायाखालचे अरण्य

आमच्या घरी होमिओपॅथीच्या बाटल्यांचा एक डबा आहे. त्यातील एका बाटलीवर 'लायकोपोडियम' असे लिहिलेले असे. लहानपणी मला ते एखाद्या जर्मन डॉक्टरचे नाव वाटे! पुढे कळले की, ती उत्तरेकडील थंड अरण्यांत जमिनीवर सरपटत वाढणारी एक वनस्पती आहे. तिला व तिच्या भाऊबंदांना इंग्रजीत 'क्लबमॉस' म्हणतात.

भूगोलाच्या तासाला आपण तैगा शिकतो. स्प्रूस, फर, पाइन, लार्च ही नावे घोकतो, लाकूडतोड आणि कागदाचा लगदा यांवर टिपा लिहितो व पुढच्या प्रदेशाकडे वळतो. त्या वृक्षांच्या पायाशी काय आहे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही, म्हणून मनातही येत नाही. माझी तक्रार आहे ती हीच. आपण अरण्य पाहतो ते मान वर करून.

खाली पाहिले तर? 'मॉस' हे नावच मुळी फसवे आहे. क्लबमॉस हे शेवाळ नव्हे. त्याच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असतात. फूल नाही, बी नाही. नेच्याप्रमाणे बीजाणूंवर वंश चालतो. अनेकांच्या शेंड्यावर बीजाणूंचा गदेसारखा शंकू येतो, म्हणून ते 'क्लब'.

पण प्रत्येकाची राहणी निराळी. लायकोपोडियम क्लॅव्हॅटम आम्लधर्मी, रेताड, मोकळ्या जागी दोरीसारखे लांबच लांब पसरते. स्पायन्युलम ॲनोटिनमला स्प्रूसची ओलसर सावली मानवते. एका वर्षाची वाढ जेथे थांबते तेथे त्याच्या फांदीवर आवळल्यासारखी खूण राहते, त्यावरून तिचे वय मोजता येते. डेंड्रोलायकोपोडियम आपले आडवे खोड जमिनीखाली लपवते आणि वर जेमतेम वीतभर उंचीचा जणू पाइनच उभा करते. हुपेर्झिया फारसे पसरत नाही. झुपक्याने राहते आणि अंगावरच्या चिमुकल्या कळ्या गाळून नवी रोपे उभी करते.

या कुळाला क्षुद्र म्हणावे, तर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी त्याचाच नातलग लेपिडोडेंड्रॉन ३० मीटरांहून उंच वाढत होता. युरोप-अमेरिकेतील कितीतरी दगडी कोळसा अशाच वृक्षांचा बनलेला आहे. कारखान्यांच्या युगाला सरपण पुरवले ते या घराण्याने!

आज मात्र त्याची वाट बिकट आहे. यातील अनेक जातींचा बीजाणू रुजला, तरी त्यातून निघणारा सूक्ष्म जीव बुरशीच्या आधाराने वर्षानुवर्षे अंधारात, मातीखाली काढतो. मग कधीतरी हिरवे रोप वर येते. आणि माणूस काय करतो? उत्तर अमेरिकेत नाताळच्या तोरणांसाठी ही हिरवी जाळी ओढून काढली गेली. सरपटणारे खोड एका हिसक्यात हातभर उपटून येते. उपटलेले दुसरीकडे लावावे, तर ते बहुधा जगत नाही.

कोणी म्हणेल, गवतासारखी वनस्पती, पुन्हा उगवेल. मला हे मान्य नाही. गवताला एक पावसाळा पुरतो, याला पुरत नाही. पंधरा दिवसांच्या सजावटीसाठी इतक्या वर्षांची वाढ खर्ची घालणे हा सौदाच खोटा आहे. युरोपने १९९२ च्या अधिवासविषयक निर्देशात लायकोपोडियमची नोंद केली व त्याच्या तोडीवर नियंत्रण आणण्याची वाट मोकळी केली, हे योग्यच झाले. परंतु जे कोणाला दिसतच नाही, त्याचे रक्षण नुसत्या कायद्याने कसे होणार?

मी ती अरण्ये पाहिलेली नाहीत. कदाचित पाहणारही नाही. तरी आमच्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. तैगाच्या टिपणात स्प्रूस आणि फरच्या खाली एक ओळ क्लबमॉससाठी ठेवावी. परीक्षेत विचारली नाही तरी चालेल!

— तृतीय वर्ष, कला (भूगोल)