उंचीची घाई

मी चित्रकलेचा मास्तर आहे. पाचवीच्या वर्गाला ‘निसर्गचित्र काढा’ म्हणून सांगितले की पन्नासांतली पंचेचाळीस मुले दोन त्रिकोण काढतात, त्यांच्या मधून अर्धा सूर्य वर आणतात आणि खाली एक झोपडी, एक नदी सोडून देतात. चार मिनिटांत हिमालय तयार! वीस वर्षे मी या त्रिकोणांशी भांडत आलो. हा रोग पाचवीपुरताच आहे अशी माझी समजूत होती. आता पाहतो तो पन्नाशी-साठीची शहाणीसुरती मंडळीही तोच हिमालय मागत आहेत, आणि तो पुरवणारे दुकानदार गल्लोगल्ली बसले आहेत. ‘पाच रात्री, सहा दिवस, लेह-लडाख, विमानाने.’ चार मिनिटे काय आणि सहा दिवस काय, जात एकच.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, २०२३ च्या जूनमध्ये अशाच एका सहलीला गेले. रात्री पुणे सोडले, पहाटे दिल्ली, आणि सकाळी आठाच्या सुमारास लेहच्या विमानतळावर उतरले. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर; लेह साडेतीन हजारांवर. पहिला दिवस ‘आरामाचा’ म्हणून पत्रकात छापला होता, तो बाजारहाटात गेला. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला. तिथे पाटीपाशी उभे राहून फोटो काढला. (या पाटीचीही एक गंमत आहे. बरीच वर्षे तिच्यावर १८,३८० फूट असा आकडा रंगवलेला होता. खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. डोंगरालासुद्धा आपण टाचा उंचावून उभे राहायला लावले!) त्या रात्री दाजींना खोकला लागला, पहाटे आडवे पडवेना. फुप्फुसांत पाणी झाले होते. इस्पितळात नळी लावून ते दोन दिवस पडून राहिले आणि मग त्यांना विमानाने खाली दिल्लीला धाडले. बाकीची मंडळी ठरल्याप्रमाणे पँगाँगचा तलाव पाहायला गेली. माझी बहीण खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिली. सहलीबरोबरचा गृहस्थ जाता जाता तिला म्हणाला, “ताई, घाबरू नका. प्रत्येक सहलीत एकदोघांना असं होतंच.”

दाजी वाचले. पण हा लेख मी त्या एका वाक्यावर लिहितो आहे. प्रत्येक सहलीत होते हे ज्याला ठाऊक आहे, तो पुढच्या सहलीचे पत्रक तसेच का छापतो?

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. शरीरशास्त्र मला शाळेच्या पुस्तकाइतकेच येते, आणि या कामाला तेवढे पुरते. वर गेले की हवेतला प्राणवायू कमी होतो असे लोक म्हणतात, ते अर्धेच खरे. शंभरात एकवीस भाग हे प्रमाण लेहलाही तेच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रकाठच्या सुमारे दोनतृतीयांश उरतो, खारदुंग लावर निम्म्याच्या जरा वर. म्हणजे एका श्वासात जे मिळायचे त्यासाठी दीड-दोन श्वास घ्यावे लागतात. शरीर हे शिकते, पण त्याला दिवस लागतात. डोंगरातले जाणते वैद्य सांगतात, की तीन हजार मीटरांच्या वर रोज पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर मुक्काम वाढवू नये, आणि मधून मधून एक रात्र आहे तिथेच काढावी. ज्याला धाप कमी लागते त्यालाच ही अडचण होत नाही असेही नाही. पोहणारे, पळणारे तरुणही आडवे होतात. उंची दिवसांच्या चलनात विकत घ्यावी लागते. ते दिवस गिऱ्हाइकाकडून न घेता दुकानदार उंची देतो, तेव्हा उरलेली किंमत गिऱ्हाइकाचे शरीर भरते.

यावर उत्तर ठरलेले आहे: “गुरुजी, तुम्हाला मेची सुट्टी आहे. आम्हाला रजा कुठे?” आक्षेप रास्त आहे. आठ दिवसांच्या रजेत लडाख बसत नाही, एवढे सांगण्याचे धैर्य मात्र कोणी दाखवत नाही. आठ दिवसांत श्रीनगर बसते. ते पाहावे आणि परत यावे. काश्मीर काही कमी देखणे नाही.

मी पुढच्या मेची योजना मांडून बसलो आहे. पुण्याहून झेलम एक्सप्रेस संध्याकाळी सुटते आणि दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशी सकाळी जम्मूला पोचवते. जम्मूपर्यंत मी या गाडीने पूर्वी एकदा गेलो आहे. मनमाड, भुसावळ, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली, मग पानिपत. भाऊसाहेबांची फौज १७६० च्या मार्चमध्ये दक्षिणेतून निघाली, ती पानिपतावर पोचेपर्यंत ऑक्टोबर संपत आला होता. आपल्याला दीड दिवसही जड वाटतो! आता जम्मूच्या पुढेही रेल्वे आहे. ६ जून २०२५ रोजी कटरा–श्रीनगर गाडी सुरू झाली. चिनाब नदीच्या पात्रावर ३५९ मीटर उंच असा पूल, आणि पीर पंजालच्या पोटातून ११ किलोमीटरांचा बोगदा. काम थोर आहे, नमस्कार करावा असे आहे.

परंतु आगगाडीने फुप्फुसे शिकतात असा दावा मी करणार नाही. जम्मू पुण्यापेक्षाही खाली आहे, आणि श्रीनगर सोळाशे मीटरांच्या आत. त्या दोन रात्रींत शरीराला उंचीचा एक धडाही मिळत नाही. चीनने १ जुलै २००६ रोजी ल्हासापर्यंत रेल्वे नेली. ती टांगुला खिंडीत ५,०७२ मीटरांवर चढते. डब्यांतून प्राणवायू सोडण्याची सोय करावी लागली. गाडी संथ असली तरी उतारूंचे शरीर तिच्याहून संथ. मग आगगाडीचा हट्ट कशासाठी? तर ती मन सुतासारखे सरळ करते. जम्मूला पोचण्यासाठी ज्याने दोन रात्री दिल्या, तो कारगिलला दोन रात्री देताना कुरकुरत नाही. विमानातून उतरलेल्याला मात्र प्रत्येक थांबा पैशांची नासाडी वाटतो. शिवाय विमानाचे वाचलेले पैसे मुक्कामांना लागतात, ही साधी जमाखर्चाची गोष्ट आहेच.

म्हणून योजना अशी. श्रीनगरला दोन रात्री. मग झोजी ला ओलांडून कारगिल, २,६७६ मीटर, तिथे दोन रात्री. पुढे फोतू ला, ४,१०८ मीटर, ही या रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड; पण ती दिवसा ओलांडून सिंधूकाठी खालत्सेला उतरायचे आणि तिथे तीन हजारांच्या आसपास झोपायचे. मग लेह, आणि तिथे पहिले दोन दिवस काहीही नाही. मनालीचा रस्ता मी मुद्दाम टाळला. मेमध्ये तो केव्हा उघडेल याचा भरवसा नसतो, आणि वाटेतला मुक्काम बहुधा सरचूच्या तंबूत, चार हजार मीटरांच्या वर पडतो. खारदुंग ला माझ्या यादीत नाही. पाटी कोणाला हवी असेल तर मी रंगवून देईन.

एक अडचण उरली आहे. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट काढता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. म्हणजे मेच्या आरंभीचे आरक्षण मार्चच्या आरंभी, सकाळी आठ वाजता उघडणार, ऐन दहावीच्या परीक्षेत, आणि मी पर्यवेक्षक. ते काम ताईने अंगावर घेतले आहे. दाजी येणार नाहीत, डॉक्टरांची परवानगी नाही. ती मात्र येते आहे. परवा माझ्या कागदावर बोट ठेवून तिने विचारले, “कारगिलला दोन रात्री काय करायचं रे?”

“झोपायचं,” मी म्हटले.

तिने कागदावर आणखी एक रात्र वाढवली.