फॉरमॅट मारण्यापूर्वी

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या बिघाडावर लेख लिहावा, हे आमच्या संपादक मंडळातील काहींना चमत्कारिक वाटले. "कविता दे, प्रवासवर्णन दे, निदान 'आजची स्त्री' तरी दे," असा आग्रह झाला. आजच्या स्त्रीवर दर वर्षी कोणी ना कोणी लिहितेच. मला मात्र गेल्या जूनमध्ये आमच्या विभागात जे घडले त्याची रुखरुख अजून आहे, आणि त्यातून माझे जे मत बनले ते आपणां सर्वांपुढे मांडावयाचे आहे. मत साधे आहे. बिघडलेला संगणक पुसून टाकण्याआधी त्याने स्वतः काय लिहून ठेवले आहे ते वाचावे. आणि हे वाचण्याचे काम विज्ञान शाखेवर सोडून देण्याचे आपल्याला काही कारण नाही.

मराठी विभागात दोन जुने संगणक आहेत, एक खिडकीजवळचा आणि एक कपाटाजवळचा. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपणार हे आधीच जाहीर झाले होते आणि विंडोज 11 या जुन्या यंत्रांवर चढेना. म्हणून आमच्या आधीच्या तुकडीतील एका ताईने त्या दोन्हींवर लिनक्स बसविले. वायफायसाठी अंगठ्याएवढे डोंगल होते; त्याचा ड्रायव्हर लिनक्सबरोबर येत नव्हता, तोही तिने वेगळा आणून बांधला. व्यवस्था उत्तम चालली होती. बोलीभाषा प्रकल्पात गावोगावी जाऊन केलेली ध्वनिमुद्रणे या संगणकांत उतरवायची आणि आठवड्याच्या शेवटी विभागाच्या खात्यावर पाठवून द्यायची, असा रिवाज होता.

मे महिन्याच्या सुटीत दोन्ही यंत्रांची घड्याळे चुकू लागल्यामुळे आतल्या बटणासारख्या बॅटऱ्या बदलण्यात आल्या. जूनमध्ये यंत्रे सुरू केली, नवे अपडेट आले, आणि वायफाय नाहीसे झाले. सुरू होताना काळ्या पडद्यावर 'कर्नल मॉड्यूल भरता आले नाही' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ लाल अक्षरांत झळकून जाई. ती आम्ही सर्वांनी पाहिली. वाचली कोणीच नाही. अपडेटने घात केला, असे सर्वानुमते ठरले.

दुरुस्तीवाले दादा आले. त्यांनी खिडकीजवळच्या यंत्राकडे मिनिटभर पाहिले आणि म्हणाले, "फॉरमॅट मारू. अर्ध्या तासात नवा होईल. ताई, आत काही महत्त्वाचं आहे का?"

मी म्हणाले, "नाही, सगळं वर पाठवलंय."

परीक्षेच्या धामधुमीत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याचे कोणी पाठविलेच नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. त्यात माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, अकरा ध्वनिमुद्रणे. पावसाळा सरला की पुन्हा जाऊ असे आम्ही ठरविले. आजी आषाढातच गेल्या. मैत्रिणीच्या वहीत चार ओव्यांचे शब्द आहेत, पण चाल वहीत उतरत नाही.

आणि एवढे करून वायफाय चालू झाले नाही ते नाहीच. नव्याने बसविलेल्या लिनक्सवर तर तो ड्रायव्हरही उरला नव्हता. दादांना संध्याकाळपर्यंत आणखी सहा ठिकाणी जायचे होते. कपाटाजवळचे यंत्र उद्या करू म्हणून ते गेले. त्यांना मी दोष देत नाही. ज्याला दिवसाला आठ यंत्रे उरकावी लागतात त्याला पुसून भरणेच परवडते. विचारायचे ते त्यांनी विचारले होते. न वाचता उत्तर दिले ते मी.

त्या एका दिवसाच्या सवलतीत मी जे शिकले ते आता सांगते. शक्य तितके सोपे करून सांगते. जाणकारांनी क्षमा करावी.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तो 1991 मध्ये लिहावयास घेतला. यंत्राचे प्रत्येक अंग, मग तो ध्वनी असो, पडदा असो की वायफाय, कर्नलच्या हुकमाखाली चालते. पण जगातल्या प्रत्येक उपकरणाची माहिती कर्नलने सदैव डोक्यात बाळगणे शक्य नाही. म्हणून ती लहान लहान तुकड्यांत वेगळी ठेवलेली असते. हे तुकडे म्हणजे मॉड्यूल. उपकरण दिसले की कर्नल त्याचे मॉड्यूल बोलावतो. आपल्या महाविद्यालयाच्या भाषेत सांगायचे तर मॉड्यूल हे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक होत. गरज पडली की बोलवायचे. इमारत पाडावी लागत नाही. (मानधन वेळेवर मिळण्याचा प्रश्न मॉड्यूलांना नाही, एवढाच फरक.)

आता असे प्राध्यापक वर्गावर आले नाहीत तर कारणे अनेक असू शकतात. नेमणूकपत्र गेल्या वर्षीचे असेल: मॉड्यूल एका विशिष्ट कर्नलसाठी बांधलेले असते, आणि कर्नल बदलला की ते नव्याने बांधावे लागते. यादीत नावच चुकीचे लिहिले असेल. कोणीतरी त्यांना काळ्या यादीत टाकले असेल. अशी यादी खरोखरच असते, आणि कधी काळी आपणच तीत नाव घालून विसरलेले असतो. मॉड्यूल आले पण उपकरणात भरायचा फर्मवेअर जागेवर नाही, असेही होते; तेव्हा नोंदीत 'उणे दोन' हा आकडा दिसतो, त्याचा अर्थ फाइल सापडली नाही. सर्वांत गमतीचा प्रकार हार्ड डिस्कच्या मॉड्यूलचा. ते डिस्कवरच ठेवले तर डिस्क उघडायची कशाने? किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हणून आरंभी लागणारी मॉड्यूले एका वेगळ्या गाठोड्यात बांधून कर्नलच्या हाती आधीच देतात. ते गाठोडे अपुरे राहिले तर यंत्र दारातच अडते.

यांपैकी आपले कारण कोणते, हे ओळखायचे कसे? येथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. कर्नल प्रत्येक वेळी सुरू होताना रोजनिशी लिहितो. डीमेसेज ही आज्ञा दिली की ती पडद्यावर येते. हजारभर ओळी असतात. प्रत्येकीच्या डावीकडे यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद, दशांशचिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा छाती दडपली. पण हस्तलिखिताची पहिली पाने पाहतानाही दडपतेच की!

मी प्रथम डोंगल तारेवर तरी दिसते आहे का ते पाहिले. एलएसयूएसबी या आज्ञेच्या यादीत ते होते. म्हणजे डोंगल मेलेले नव्हते. मग अपडेटवर आमचा जो आरोप होता तो तपासला. लिनक्स नवा कर्नल बसविताना जुना लगेच टाकून देत नाही. सुरू होतानाच्या यादीत तो निवडता येतो. मी जुना कर्नल निवडला. मे महिन्यापूर्वी याच कर्नलवर वायफाय चालत होते. आता त्यावरही चालेना! म्हणजे अपडेट निर्दोष. सर्वानुमते ठरलेली गोष्ट पाच मिनिटांत खोटी ठरली, आणि त्यासाठी यंत्रातले एक अक्षरही पुसावे लागले नाही.

मग मॉडप्रोब या आज्ञेने ते मॉड्यूल हाताने भरून पाहिले आणि लगेच रोजनिशीची शेवटची ओळ वाचली. तीत लिहिले होते की, ज्या मॉड्यूलवरील सहीची किल्ली उपलब्ध नाही, ते भरण्यास नकार देण्यात आला आहे. इतके स्वच्छ वाक्य! ही ओळ जूनच्या पहिल्या दिवसापासून तेथे रोज लिहिली जात होती.

अर्थ लागायला मात्र रात्र गेली. यंत्रात सिक्युअर बूट नावाचा पहारा असतो. तो जागा असला म्हणजे ओळखीच्या सहीचेच मॉड्यूल आत येऊ शकते. ताईने ड्रायव्हर बांधला तेव्हा हा पहारा बंद होता. मॉड्यूलवर यंत्राने आपली सही केली होती, पण ती सही पहारेकऱ्याच्या दप्तरी नोंदविण्याची गरजच तेव्हा पडली नाही. मे महिन्यात बॅटरी बदलल्यावर यंत्राने मांडणीविषयी विचारले, आणि बदलणाऱ्याने 'मूळ मांडणी' असे उत्तर दिले. मूळ मांडणीत पहारा चालू! अपडेट नव्हे, डोंगल नव्हे, लिनक्सही नव्हे. घड्याळाच्या बॅटरीबरोबर बदललेली ती एक खूण. फॉरमॅट डिस्कवर मारतात. ही खूण डिस्कवर नव्हतीच, त्यामुळे शंभरदा पुसले असते तरी ती तशीच राहिली असती.

अशा वेळी पहाराच पुन्हा बंद करून टाकावा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. घरच्या यंत्रावर ज्याने त्याने आपला विचार करावा. पण जेथे दिवसाकाठी तीस विद्यार्थी आपापले पेनड्राइव्ह खुपसतात तेथे गाभ्याचा पहारेकरी झोपविणे मला पटत नाही. मी सही नोंदविली. मोकयुटिल या आज्ञेने अर्ज करायचा, एक तात्पुरता परवलीचा शब्द द्यायचा आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. तेव्हा एक निळा पडदा येतो, दहा सेकंद थांबतो, आणि आपण काही केले नाही तर निघून जातो. अर्जही मग रद्द. पहिल्या खेपेस मी सवयीने एंटर दाबले आणि सारे वाया गेले. वाचण्याविषयी लेख लिहिणारीची ही गत! दुसऱ्या खेपेस वाचले, किल्ली नोंदविली, आणि वायफायची खूण उजळली.

आमच्या एका सरांचे म्हणणे असे की, ही तंत्रज्ञांची कामे आहेत, आपण त्यांत पडू नये. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की, त्या रात्री मी केले ते सरांनीच शिकविलेले होते. पाठचिकित्सेच्या तासाला आपण काय करतो? दोन प्रती शेजारी ठेवतो, भेद कोठे शिरला ते शोधतो, सर्वांना मान्य असलेल्या पाठावरही संशय घेतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती प्रती ताडून. जुना कर्नल आणि नवा कर्नल ताडणे याहून फार निराळे नाही.

अडचण आहे ती दुसरीच, आणि ती मी लपवीत नाही. ही रोजनिशी इंग्रजीत असते. लिनक्सच्या पडद्यावरच्या कित्येक याद्या स्वयंसेवकांनी मराठीत आणल्या आहेत, पण कर्नलची वही इंग्रजीतच राहिली. आमच्यातील अर्ध्या मुली लाल इंग्रजी ओळ दिसताच माऊस सोडून हात मागे घेतात, जणू काही त्यांच्याकडूनच काही फुटले. मीही घेत असे. त्या भीतीनेच आपण "नाही, काही महत्त्वाचं नाही" असे म्हणून मोकळे होतो. ओळ कळत नसेल तर ती वहीत उतरून घ्यावी, शब्दकोश उघडावा, कोणाला विचारावे. तीत शब्द असतात आठ-दहा. पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या पेपरात याहून कठीण उतारा येतो.

माननीय प्राचार्यांकडे माझी एक मागणी आहे, आणि ती खर्चाची नाही. प्रत्येक संगणकाशेजारी दोरीने बांधलेली एक वही असावी. काय बदलले, कोणी, कधी, आणि यंत्राने काय म्हटले ते जसेच्या तसे, एवढेच तीत लिहावे. वहीत नोंद पाहिल्याशिवाय आणि दोन विद्यार्थ्यांनी आतल्या फाइली तपासून सही केल्याशिवाय कोणालाही फॉरमॅट मारू देऊ नये.

कपाटाजवळच्या यंत्रापुरती अशी वही मी जूनमध्येच सुरू केली आहे. त्यात पहिली नोंद मे महिन्यातील बॅटरीची आहे. दुसरी खिडकीजवळच्या यंत्राची. तेथे मी त्या अकरा ध्वनिमुद्रणांची नावे, आठवली तशी, लिहून ठेवली आहेत. नऊ आठवली.