मशीनला मराठी येत नाही?

‘ताई, नाव इंग्रजीतच येईल हं. मशीनला मराठी येत नाही.’ एम्ब्रॉयडरी करून देणाऱ्यांकडे हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आपणही ‘बरं, चालेल’ म्हणून टाकतो. मग बारशाच्या दुपट्यावर, लग्नाच्या अंतरपाटावर, अगदी बचत गटाच्या एप्रनवरसुद्धा इंग्रजी अक्षरं येतात. आणि ज्या पणजीच्या मांडीवर ते दुपटं जायचं, तिलाच बाळाचं नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं.

मी स्वतः घरी अशी कामं घेते, म्हणून सांगते. मशीनला मराठी येत नाही हे खरं, पण तिला इंग्रजी तरी कुठे येतं? पुढचा टाका कुठे घालायचा, एवढंच तिला कळतं. इंग्रजी अक्षरांचे टाके कुणीतरी आधीच आखून मशीनमध्ये भरून दिलेले असतात. आपल्या अक्षरांचे टाके बहुतेक वेळा आपल्यालाच आखावे लागतात. थोडक्यात, अडतं ते मेहनतीपाशी.

पहिली अडचण येते टायपिंगमध्येच. एम्ब्रॉयडरीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी नीट जुळत नाही. ‘प्रिया’ लिहावं तर जोडाक्षर फुटतं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. ‘गोऱ्हे’ आडनावातला अर्धा र तर हमखास बिघडतो. यावर उपाय आहे. ‘इंकस्केप’ या मोफत प्रोग्रॅममध्ये मराठी व्यवस्थित उमटतं. त्याला ‘इंक/स्टिच’ ही मोफत जोडणी लावली की अक्षरांचे टाके आखता येतात आणि आपल्या मशीनला चालेल अशी फाइल काढता येते. शिकायला वेळ लागतो, पण ब्लाउजचं कटिंग तरी आपण एका दिवसात कुठे शिकलो होतो?

यानंतर येते अक्षराची निवड, आणि माझ्या मते खरं कसब इथेच आहे. स्क्रीनवर गोड दिसणारं अक्षर धाग्यात गोड दिसेलच असं नाही. बोरूच्या वळणाची जाड-बारीक अक्षरं पत्रिकेवर शोभतात. कापडावर मात्र त्यांचा बारीक भाग एक मिलिमीटरच्या खाली गेला की भरीव टाका नीट बसत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘बालू’ आणि ‘मोदक’ हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात, विकायच्या कामातही वापरता येतात. ‘बालू’ गोलसर आहे, त्याच्या रेषांची जाडी बऱ्यापैकी सारखी, त्यामुळे नावांना छान. ‘मोदक’ नावासारखाच गुबगुबीत, पण त्याच्या अक्षरांतल्या फटी अगदी केसासारख्या. लहान आकारात धागा फुगला की त्या बुजतात आणि नुसता गोळा दिसतो. मोठ्या आकारात घ्यायचा, तरच तो फॉन्ट निवडा.

आकाराचंही तसंच. इंग्रजी अक्षराला वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ‘नाव दोन सेंटिमीटरमध्ये बसवा’ म्हटलं, तर मूळ अक्षराच्या वाट्याला त्यातला निम्माच भाग येतो. म्हणून मी शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत निदान एक सेंटिमीटर मागते. त्याहून लहान हवं असेल तर नेहमीचा ४० नंबरचा धागा सोडून ६० नंबरचा बारीक धागा घ्यावा, सुईही बारीक लावावी.

कापडाचं म्हणणंही ऐकावं लागतं. मलमलीच्या दुपट्यावर दाट भरीव अक्षर घातलं की कापड चुण्या धरतं. तिथे बारीक रेषेचं अक्षर तिहेरी धावदोऱ्यानं घ्यावं. टॉवेलवर पाण्यात विरघळणारी फिल्म अंथरावी, नाहीतर अक्षर लवीत बुडतं. आणि मराठी वळणाचा ‘ल’ नि ‘श’ हिंदीहून वेगळा असतो. कुठला हवा, ते काम सुरू करण्याआधी विचारून घ्यावं.

एका बाबतीत आपली लिपी इंग्रजीहून सोयीची आहे. इंग्रजीची सुटी अक्षरं भरताना दर अक्षरानंतर धागा तोडावा लागतो. आपल्याकडे शिरोरेघेच्या जागेवरून साध्या टाक्यानं पुढच्या अक्षरावर जाता येतं, आणि शेवटी रेघ भरली की तो टाका झाकून जातो. रेघ मात्र सलग भरावी, किंवा तिचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवावेत. नाहीतर टाके कापड ओढतात आणि अक्षरांच्या मध्ये फटी दिसतात.

आता पैशांचं. काम करणारी म्हणते, ‘एवढं सगळं करायला वेळ कुणाला आहे? गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं का?’ तिचं चुकत नाही. मशीनचा हप्ता तिला भरायचाय. साडीच्या फॉल-पिकोचे पैसे आपण निमूट देतो, पण नावाचं निघालं की ‘चार अक्षरं तर आहेत, त्याचे काय एवढे?’ असं आपणच म्हणतो. सुई ती चार अक्षरं काही मिनिटांत भरते. त्याआधी अक्षर निवडणं, टाके आखणं, चिंधीवर नमुना काढणं, यात तिची दुपार गेलेली असते. तिनं या कामाचा दर वेगळा सांगावा आणि आपण तो द्यावा. एकदा आखलेली अक्षरं पुढच्या नावांनाही उपयोगी पडतात, म्हणजे तिची मेहनत वाया जात नाही, हळूहळू तिची स्वतःची बाराखडी तयार होते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बारशाला नाव मराठीतच मागा. ते कागदावर ऱ्हस्व-दीर्घासकट स्वच्छ लिहून द्या, मोबाइलवरच्या इंग्रजी स्पेलिंगवर सोडू नका. चिंधीवरचा नमुना बघायला मागा, आणि त्याचे पैसे कापून घेऊ नका. आणि मशीनवाल्या मैत्रिणींनो, तुम्ही ‘येत नाही’ म्हणण्याऐवजी ‘येईल, पण इतके पडतील’ असं म्हणून तर बघा.