पेटीचा धडा

हैदराबाद म्हटले की कव्वाली आणि मुशायरे आठवतात. त्याच शहरातील 'गॉडलेस' या मेटल वाद्यवृंदाचा 'स्टेट्स ऑफ केऑस' हा अल्बम 2021 साली निघाला. दिल्लीच्या केशव धर यांच्या 'स्कायहार्बर'ने तर 2012 ते 2018 या काळातील तीन अल्बमांत बिकट गिटारवादनाला इलेक्ट्रॉनिक स्वरांच्या तरल वातावरणाची जोड दिली. 'हा कसला गोंगाट?' असे आमच्या घरांतून विचारले जाते. परंतु या पंथाच्या संगीतात पुष्कळदा सात मात्रांचे आवर्तन येते. रूपक तालाशी परिचित असलेल्या कानाने निदान ते मोजून पाहावे.

परकेपणाचा आक्षेप जुनाच आहे. ज्या पेटीला ऑल इंडिया रेडिओने 1940 साली दार बंद केले, तिच्यासाठी ते 1971 पर्यंत किलकिलेही झाले नाही. त्या तीन दशकांत आमच्या देवळांतील भजन मात्र तिच्यावाचून उभे राहत नव्हते!

पणजीच्या कला अकादमीत भारतीय व पाश्चात्त्य संगीत शेजारी शेजारी नांदते. बंद खोलीत सराव करणाऱ्या आमच्या तरुणांना तेथे महिन्यातून एक संध्याकाळ मिळावी, अशी आमची सूचना आहे. आवडनिवड मागाहून ठरेल; आधी ऐकून तर घेऊ.