फत्तरांतील छिद्रें

पिंपरी-चिंचवडचा काळा फत्तर आम्ही रोज तुडवितों. त्यांतील कित्येकांच्या अंगावरील छिद्रें म्हणजे सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसांत कोंडलेल्या वायूचे बुडबुडे होत. समुद्रतळाशीं हा खेळ अद्याप चालूच आहे. २३ जानेवारी २०१७ रोजीं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे श्री. अभय मुधोळकर व सहकारी अंदमानच्या समुद्रांत तळाचे नमुने काढीत असतां बॅरन बेटाचा ज्वालामुखी अकस्मात् राख ओकूं लागला. मंडळी मैलभर अंतरावरून तें निरखीत राहिली! अशा वायूंतील हेलियम पारखून तो भूगर्भांत किती खोलवरून आला, हें ताडतां येतें. परंतु मुलानें वा मुलीनें ही वाट धरूं म्हटलें, कीं वडिलांचा प्रश्न ठरलेला: "चाकणला जागा मिळेल काय?" कारखान्यावरच आमचीं घरें चालतात, हें खरें, तथापि तेवढ्यावरून मुलांस गप्प करणें आम्हांस पटत नाहीं. एखाद्या रविवारीं वडिलांनींच मुलांसह निगडीच्या दुर्गा टेकडीवर जावें आणि छिद्राळ दगड शोधून भिंगाखालीं पाहावा.